चौथ्या चेंबरचे तेहतीस मिलिलिटर

मी ब्युरेट बोलतेय. ज्यांना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्यासमोर घाम फुटला होता, त्यांनी माझं नाव ऐकूनच तोंड वाकडं केलं असेल. करा बापडे. बाकीच्यांसाठी सांगते: मी दीड हात लांब, सरळ, काचेची नळी. वरचं तोंड उघडं, खाली बारीक टोक आणि त्याच्यावर एक तोटी. अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत रेघा; शून्य वर, पन्नास खाली. तोटी जराशी फिरवली की माझ्यातून थेंब थेंब पाणी पडतं, आणि किती पडलं ते मी सांगते. पन्नास मिलिलिटरच्या पुढचं मला काही कळत नाही. पण पन्नासच्या आत माझा शब्द शेवटचा. याला कुणी गर्व म्हणेल. म्हणू दे, आहेच मला गर्व.

एका काचकारखान्यात माझा जन्म झाला. रेघा ओढून झाल्यावर तिथल्या एका जाड चष्म्याच्या कारागिराने माझ्यातून पाणी सोडून ते तोललं आणि मान हलवली. मग मला खोक्यात घातलं. माझ्या शेजारची एक बहीण याच परीक्षेत नापास झाली, आणि तिला तिथल्या तिथे फोडून पुन्हा भट्टीत टाकलं. तेव्हापासून मी ताठ आहे.

पुढची सव्वीस वर्षं मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या. उंचीने बेताच्या, आवाजाने नव्हे. "डोळा रेघेच्या समोर आण! वरून काय बघतोस, विहिरीत वाकलायस का?" असं त्या म्हणाल्या की अख्खा वर्ग गुडघ्यांत वाकायचा.

माणसं मोजतात कशी, ते मी तिथेच शिकले. तीन वेळा मोजा म्हटलं की निम्मी पोरं एकदा मोजायची आणि उरलेले दोन आकडे मनाने लिहायची. गंमत म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा ते मनाचे आकडेच फार देखणे असायचे. बाईंना ते लांबून ओळखू यायचे. "इतकं छान उत्तर येत नसतं रे बाळा," म्हणायच्या, आणि वही परत.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी प्रयोगशाळेत नव्या ब्युरेट आल्या. बाईंनी मला मागून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि घरी आणलं. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिने चढवेनात, तेव्हा त्या धाकट्या भावाकडे कायमच्या राहायला आल्या. त्यांच्या सामानात मीही आले.

आता या भावाबद्दल सांगायलाच हवं. तो पंपाचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करायचा. तिथे सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे, कारण दांडा केसाच्या दहाव्या हिश्शाइतका जरी जाड राहिला तरी हा तो बाजूला काढायचा. असा माणूस! पण तोच माणूस सुट्टीच्या दिवशी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला की अंदाजपंचे दाहोदरसे. कारखान्यातलं माप म्हणजे नोकरी आणि शेडमधलं काम म्हणजे हौस, आणि हौसेला कसलं आलंय मोजमाप, असा त्याचा हिशेब होता.

शेडमध्ये एक जुनी, चार दारांची छोटी गाडी होती. तिचं इंजिन त्याने तीन वर्षं खपून स्वतः बांधलं होतं. सिलिंडर मोठे केले, दोन कार्ब्युरेटर बसवले, इंजिनच्या डोक्यावरचा भाग, म्हणजे हेड, जुन्या बाजारातून आणून घासून घेतला. इंजिन सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरायचे आणि मायक्रॉनच्या चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखं तेज यायचं.

"किती घोडे रे?" असं कुणी विचारलं की हा छाती काढून म्हणायचा, "एकशे साठ!"

हे एकशे साठ घोडे, म्हणजे एवढी अश्वशक्ती, आली कुठून? मूळ इंजिन चौऱ्याऐंशी घोड्यांचं. कार्ब्युरेटरवाला म्हणाला होता, पंचवीस वाढतील. सायलेन्सरवाला म्हणाला होता, पंधरा. अमक्याने वीस सांगितले, तमक्याने सोळा. याने सगळ्या दुकानदारांचे घोडे आणून एकाच तबेल्यात बांधले आणि बेरीज केली. दुकानदाराच्या जिभेला हाड असतं का?

ती गाडी चालवणार होती त्याची लेक. तो तिला छकू म्हणायचा. चांगली चोवीस वर्षांची होती, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची, पण बापासाठी छकूच. दोन आठवड्यांनी डोंगररस्त्यावर शर्यत होती. चार किलोमीटरचा वळणावळणाचा चढ, एका वेळी एक गाडी, आणि घड्याळाशी स्पर्धा. नावनोंदणीचा फॉर्म भरून तयार होता. त्यात घोड्यांच्या रकान्यात ठळक अक्षरांत एकशे साठ लिहिलेलं.

एक दिवस बाई काठी टेकत शेडमध्ये आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काय रे, याचं कॉम्प्रेशन किती?"

"दहाच्या जरा खाली. नऊ पॉइंट नऊ धर."

"धर म्हणजे? मोजलंस की धरलंस?"

"ताई, पहिलं चेंबर मोजलंय मी. औषधाच्या सिरिंजने. अडतीस भरलं. चारही एकाच साच्यातली, मग उरलेली तीन कशाला मोजायची? शितावरून भाताची परीक्षा."

"ते हेड जुन्या बाजारातलं ना? त्याच्यावर आधी कुणी काय केलंय ते तुला माहीत आहे?"

मायक्रॉनने बॉनेट पुसायला घेतलं. बाई मला आणायला आत गेल्या.

खरं सांगते, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी छकूला समजावलं ते मीही ऐकून घेतलं. पिस्टन अगदी खाली असतो तेव्हा त्याच्यावर हवा आणि पेट्रोल मावतं; पिस्टन वर आला की ते सगळं वरच्या उरलेल्या एवढ्याशा जागेत कोंबलं जातं. किती पट कोंबलं, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन. ती उरलेली जागा मुख्यतः हेडमधल्या वाटीसारख्या खळग्यात असते, त्यालाच चेंबर म्हणायचं. जास्त कोंबलं की ताकद जास्त. पण अति कोंबलं की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच भडकतं, पिस्टनवर हातोडीसारखे ठोके बसतात, आणि एक दिवस त्याला भोक पडतं.

"आणि भोक वळणावर पडलं तर?" छकूने विचारलं.

"तर इंजिन जागच्या जागी अडकेल, चाकं अडकतील, आणि गाडी तुझं ऐकणार नाही," बाई म्हणाल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. ते काही त्या बोलल्या नाहीत.

इंजिन उघडायला मायक्रॉन राजी नव्हता. "मस्त चाललंय, कशाला हात लावायचा? उघडलं की पुन्हा बसवा, दोन दिवस जातील," असं पुटपुटत राहिला. पण ताईपुढे त्याचं काही चालत नसे. लहानपणी त्याला पाढेही तिनेच शिकवले होते. हेड उतरलं, उलटं करून टेबलावर ठेवलं. चेंबरवर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ग्रीस लावून चिकटवली, तिला एक बारीक भोक. माझ्यात निळी शाई घातलेलं पाणी भरलं, त्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. आणि किती वर्षांनी माझी तोटी फिरली! अंगात अशी तरतरी आली म्हणून सांगू.

पहिलं चेंबर: अडतीस पॉइंट एक. "बघ, सांगत होतो ना!" मायक्रॉनने टाळी वाजवली. दुसरं: सदतीस पॉइंट नऊ. तिसरं: अडतीस पॉइंट दोन. "आता चौथं राहू दे ताई, चहा घेऊ."

"चहा चौथ्यानंतर."

चौथं चेंबर तेहतीसलाच काठोकाठ भरलं.

मायक्रॉनने पट्टी उचलली, पुसली, पुन्हा लावली, पुन्हा मोजायला लावलं. तेहतीस. बुडबुडा शोधला. नव्हता. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"नळी म्हातारी झालीय. आकडा चुकवते."

नाचता येईना अंगण वाकडं! मला असा संताप आला की हात असते तर त्याचा कान धरला असता. पण बाई हसल्या. "शंका रास्त आहे. हिलाही तपासू." त्यांनी स्वयंपाकघरातून वजनकाटा मागवला. काट्यामागोमाग वहिनी, म्हणजे मायक्रॉनची बायको, आल्या, पदराला हात पुसत. "वन्सं, काटा न्या, पण त्याला ऑइल लागलं तर उद्यापासून दोघा भावंडांनी स्वयंपाक करायचा." वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि माझ्यातून साधं पाणी सोडलं. मिलिलिटरभर पाणी म्हणजे ग्रॅमभर वजन. दहाला दहा, वीसला वीस. माझ्या अंगावर चाळीस, काट्यावर चाळीस. मी मनात म्हटलं, घे आता.

मग बाईंनी विजेरी घेऊन चौथ्या चेंबरमध्ये पाहिलं. एका कोपऱ्यात धातूचा रंग थोडा वेगळा होता. कधीकाळी तिथे चीर गेली असणार, कुणीतरी वेल्डिंगने भरली, आणि जास्तीचं भरलेलं काढायचा कंटाळा केला. बाईंनी पाटीवर गणित मांडलं. गॅस्केटची वगैरे जागा धरून पहिल्या तिघांत नऊ पॉइंट नऊ. चौथ्यात पुरते अकरा.

"मग सरासरी काढू," मायक्रॉन हळूच म्हणाला. "सव्वादहाच्या आसपास येईल. तेवढं चालतं."

"सरासरी पिस्टनला कळते का रे? तीन पोरं जेवली आणि चौथं उपाशी, तर सरासरीने त्याचं पोट भरतं?" बाई म्हणाल्या. मग त्या छकूकडे वळल्या. "तू महिनाभर चालवतेयस ही गाडी. चढावर, दाबून चालवताना, टिकटिक ऐकू येते का? डब्यात खडे हलवल्यासारखी?"

छकू हातातलं फडकं पिळत राहिली.

"येते," ती म्हणाली. "तीन आठवडे येतेय."

"तीन आठवडे?" मायक्रॉन उठून उभा राहिला. "आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता बाबा. तीन वर्षांनी इतके खूश होता. मला वाटलं, शर्यत होऊन जाऊ दे, मग सांगेन."

"म्हणजे तशीच चालवणार होतीस? त्या रस्त्यावर?"

"हो."

मी त्या माणसाला महिनाभर पाहत होते, पण असा कधी पाहिला नव्हता. तो उलट्या डब्यावर बसला, आणि त्याच्या हातांना कंप सुटला. लेथवर ज्या हातांना लोक मायक्रॉन म्हणत, ते हात.

"ताई, खरं सांगू?" तो म्हणाला. "मला वेळेची काळजी नव्हती. मला भीती होती की मोजलं तर आकडा कमी निघेल. लोकांना सांगून बसलो होतो ना."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. "चहा घे आता."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. चौथ्या चेंबरमधला जास्तीचा धातू कोरून काढायचा होता. कमी निघाला तर उपयोग नाही, जास्त निघाला तर हेड वाया. मायक्रॉनने हातात छोटं ग्राइंडर घेतलं आणि खाली ठेवलं. "माझा हात अजून थरथरतोय. छकू, तू कर." दातांच्या कवळ्या घासणारा तिचा हात. इतका हलका चालायचा की धातूचा नुसता भुगा उडायचा. थोडं कोरायचं, पुसायचं, पट्टी लावायची, आणि मला विचारायचं. तेहतीस पॉइंट सहा. चौतीस पॉइंट एक. पाचव्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "बाळंतपण सोपं यापेक्षा." अकराव्या खेपेला सदतीस. सतराव्या खेपेला छकूने डोळा रेघेसमोर आणला, श्वास रोखला, आणि म्हणाली, "अडतीस."

मायक्रॉनने स्वतः वाकून पाहिलं. वरून नव्हे, गुडघ्यांत वाकून. मग तो म्हणाला, "अजून दोनदा मोज." माझ्या सव्वीस वर्षांच्या शाळेत इतकं गोड वाक्य मी कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता उरले घोडे. तेही मोजायचे असं मायक्रॉननेच ठरवलं, कुणी न सांगता. मालट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर गाडी नेली. छकूसकट नऊशे किलो भरली. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर चारशे मीटर आखले आणि छकूने गाडी सहा वेळा पळवली. टिकटिक नाही. घड्याळ सहाही वेळा साडेचौदा सेकंदांच्या आसपास थांबलं. एवढं वजन एवढ्या वेळात एवढं अंतर न्यायला किती ताकद लागते, त्याचं एक सूत्र असतं. घोडे हे माझं खातं नव्हे, त्यामुळे मी त्यात बोलले नाही. पाटीवर उत्तर आलं: एकशे अठ्ठावीस.

"बत्तीस घोडे कुठे गेले हो?" वहिनींनी विचारलं.

"आलेच नव्हते," मायक्रॉन म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी मीही गेले. पाटीवर, पाण्यावर आणि मायक्रॉनवर बाईंचा आता विश्वास होता, पण मला घरी एकटं ठेवण्यावर नव्हता. म्हणून टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर. नोंदणीच्या टेबलाशी मायक्रॉनचे चार दोस्त मागेच उभे. टेबलामागच्या माणसाने जुना फॉर्म समोर ठेवून खणखणीत आवाजात विचारलं, "घोडे एकशे साठ. बरोबर?"

"नाही," मायक्रॉन म्हणाला. "एकशे अठ्ठावीस."

"अरे, एकशे साठ म्हणत होतास ना?" मागून एक दोस्त.

"म्हणत होतो. तेव्हा मोजलं नव्हतं."

दोस्त हसले. हसू देत. त्याने पेन घेतलं, एकशे साठवर सरळ रेघ मारली आणि बाजूला खरा आकडा लिहिला. मान खाली घातली नाही त्याने, तेही मी पाहिलं.

छकू त्या दिवशी अकरांत चौथी आली. वर पोचल्या पोचल्या मायक्रॉनने आधी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग तापलेल्या इंजिनचे ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून पाहिले. चारही एकाच रंगाचे, बिस्किटासारखे तपकिरी. म्हणजे चारही सिलिंडर सारखे जळत होते. पहिल्या आलेल्याचा कप बघायला गेले नसतील एवढे लोक याने प्लग बघायला बोलावले.

त्यानंतर शेडची कळाच बदलली. घरी इंजिन बांधणारे हौशे लांबून हेड घेऊन यायला लागले, आणि दारातच मायक्रॉन विचारायचा, "मोजलंय की धरलंय?" त्याने माझ्यासाठी लेथवर एक सुरेख स्टँड बनवला. तीन वर्षांत मी साठ-सत्तर हेडं मोजली. एका बढाईखोराचे दोनशे घोडे तर मी आणि घड्याळाने मिळून एका दुपारात एकशे दहावर आणले. बिचारा पाणी पिऊन गेला. पण पुढल्या महिन्यात पुन्हा आला, दुसरं हेड घेऊन.

पण एक गोष्ट घडत होती ती कुणाच्या लक्षात आली नाही. इंजिनची चेंबरं बहुतेक तीस ते चाळीसच्या दरम्यान भरतात. त्यामुळे सगळ्यांची ग्रीसची बोटं आणि रॉकेलची फडकी माझ्या तेवढ्याच अंगावरून फिरली. तिथल्या रेघा झिजत गेल्या.

परवा एक हेड आलं. छकूने माझी तोटी फिरवली, बंद केली, डोळा समोर आणला. मला उजेडाकडे वळवलं. पुन्हा पाहिलं.

"काय आलं?" मायक्रॉनने विचारलं.

"वाचता येत नाही."

"अगं, छत्तीस असेल. या इंजिनाला छत्तीसच येतं दरवेळी."

"बाबा, दिसत नाही म्हणजे दिसत नाही." मग ती बाईंकडे वळली. माझ्यावर बाईंचा किती जीव आहे ते तिला ठाऊक आहे. बाई माझा टॉवेलसुद्धा कुणाला धुवू देत नाहीत. "आत्या, तुला वाईट वाटेल. पण हिच्या रेघा गेल्यात. हिच्यावर आता माप घ्यायचं नाही. आपण नवीन आणू."

बाईंनी मला हातात घेतलं, तीस ते चाळीसवरून अंगठा फिरवला, आणि होकारार्थी मान हलवली.

मला वाईट वाटलं का? वाटलं की! काच असले म्हणून काय झालं? आता मी शेडच्या भिंतीवर आहे, आणि माझ्या स्टँडमध्ये एक नवी, निळ्या तोटीची पोरगी ऐटीत उभी आहे. पहिल्याच दिवशी काट्यावर तिची परीक्षा झाली. पास झाली.

पण एक सांगते. बापाचा आनंद मोडू नये म्हणून जिने जिवावरची टिकटिक तीन आठवडे गिळली, तीच पोर आत्यासमोर आत्याच्या लाडकीबद्दल एका दमात खरं बोलली. मी आयुष्यभर पुष्कळ मोजलं, पण याहून मोठं माझ्या हातून काही झालं नसेल. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे: माझी आठवण आली तर या, भिंतीवर आहे, बोलू. मात्र प्रेमापोटी मला एकही आकडा विचारू नका.